युफोर्बियाची पानं गळून फांद्या उघड्या पडल्या, फुलं थांबली: नक्की बिघडलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटेरी युफोर्बिया, म्हणजे युफोर्बिया मिली, चारपाच वर्षांचा. उंची कमरेपर्यंत. पानं उरलीत ती फक्त शेंड्यांना, खाली नुसती काटेरी खोडं. गेले दोनेक महिने शेंड्याचीही पानं पिवळी पडून गळताहेत आणि एरवी वर्षभर येणारी फुलं जवळपास थांबली आहेत. झाड गॅलरीत आहे, सकाळी तासभर ऊन लागतं, रोज कपभर पाणी, महिन्यातून एकदा खत. एकाने सांगितलं पाणी कमी पडतंय, दुसऱ्याने सांगितलं जास्त होतंय. छाटावं म्हटलं तर चिकाची भीती, कारण घरात रांगतं मूल आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आधी त्या सोडवू. खालचं खोड उघडं पडणं हा रोग नाही, तो या झाडाचा स्वभाव आहे. शेंड्याची पानं पिवळी पडणं हा मात्र बिघाड आहे, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तो मुळांकडचा वाटतो.

स्वभाव आधी. युफोर्बिया मिली मूळचा मादागास्करचा. तिथे पावसाचे काही महिने आणि मग लांबलचक कोरडा काळ. बोर्बों बेटाचे, म्हणजे आजच्या रेयुनियाँचे, गव्हर्नर मिलियस यांनी १८२१ मध्ये हे झाड फ्रान्सला नेलं आणि १८२६ मध्ये त्यांच्याच नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं. इतकी वर्षं कुंडीत काढूनही झाडाची मूळची सवय गेलेली नाही: पाणी तुटलं की पानं टाकायची, खोडात साठवलेल्या ओलाव्यावर तग धरायचा आणि पाणी आलं की शेंड्यातून पुन्हा सुरुवात करायची. पानं फुटतात ती फक्त नव्या वाढीवर. गळलेल्या पानाच्या जागी पुन्हा पान येत नाही. फुलांचे घोस येतात तेही शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेतून. काटे मात्र खोडावर कायम राहतात, कारण ते देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांचे झालेले असतात आणि पानाबरोबर गळत नाहीत. म्हणून जुनं, न छाटलेलं झाड खालून काटेरी काठ्यांच्या जुडग्यासारखं दिसतं.

याचा अर्थ एवढाच, की या झाडाची सगळी निगा शेंड्यांसाठी असते. ऊन, पाणी, खत, छाटणी, काहीही करताना एकच विचारायचं: याने नवे, दणकट, भरपूर शेंडे येतील का? शेंडे वाढते असतील तर फुलं आपोआप येतात. शेंडे थांबले असतील तर फुलांसाठी म्हणून विकली जाणारी कुठलीही पुडी उपयोगाची नाही.

आता बिघाड. पाणी कमी झालं तरी पानं पिवळी पडून गळतात, जास्त झालं तरी तसंच होतं. म्हणूनच तुम्हाला दोन उलटे सल्ले मिळाले. पानाकडे बघून हा निवाडा करायचाच नाही. माती आणि खोड बघायचं.

बोट किंवा लाकडी काडी मातीत निदान पाच-सहा सेंटीमीटर खोल घाला. वरची माती कोरडी आणि खालची ओली, चिकट, किंचित आंबूस वासाची असेल तर पाणी जास्त आहे. रोज थोडंथोडं पाणी घालण्यात नेमका हाच धोका असतो. वरून कोरडं दिसतं म्हणून आपण पुन्हा घालतो, आणि तळाची मुळं आठवडेच्या आठवडे हवेविना बसतात. मग खोड दाबून बघा, हातात जाड हातमोजा घालून. तहानलेल्या झाडाचं खोड किंचित सुरकुततं पण टणक असतं. मूळ कुजलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत मऊ लागतं, साल काळपट होते, कधी नुसत्या बोटाने सरकते. तरीही शंका राहिली तर एका फांदीचा टोकाकडचा तुकडा कापून काप बघा. पांढरा चीक लगेच वाहिला आणि आतला गाभा हिरवट-पांढरा असला तर फांदी निरोगी आहे. चीक नाही आणि गाभ्यात तपकिरी कडं किंवा डाग दिसला तर कूज तिथवर पोचली आहे, आणखी खाली कापत जायचं.

तासाभराचं ऊन आणि रोज पाणी ही जोडी बघता तुमच्याकडे कूज सुरू झाली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ऊन कमी म्हणजे झाड पाणी कमी पिणार, माती उशिरा सुकणार. पाणी आणि ऊन यांचा हिशोब कधी वेगवेगळा करू नये. दिवसभर उन्हात असलेल्या कुंडीला एखाद्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, तीच कुंडी सावलीत दहा-बारा दिवस ओली राहील. त्यामुळे "आठवड्यातून किती वेळा" या प्रश्नाला मी कधी आकडा देत नाही. वरची तीन-चार सेंटीमीटर माती पूर्ण सुकली की पाणी, आणि तेव्हा मात्र कपभर नव्हे, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत भरपूर. खाली बशी असेल तर साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. थंडीत वाढ मंदावते तेव्हा माती अर्ध्याहून खोल सुकू द्या. सततच्या पावसात कुंडी वळचणीला घ्या. हे झाड एकवेळ महिनाभर कोरडं राहील, पण आठवडाभर चिखलात राहणं त्याला सोसत नाही.

कूज निघाली तर कुंडीतून झाड काढावंच लागेल. काट्यांमुळे हे काम अवघड वाटतं. खोडाभोवती जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळा आणि तिने धरून उचला. कुंडी आडवी करून कडेने ठोकली की गोळा सुटतो. काळी, बोटाने चिरडणारी मुळं कापून टाका, पांढरी किंवा फिकट तपकिरी टणक मुळं ठेवा. जुनी ओली माती शक्य तेवढी झाडून टाका. मग झाड सावलीत, हवेशीर जागी तीन-चार दिवस मातीविना तसंच ठेवा. बघवत नाही, पण झाडाला त्याने काही होत नाही, उलट मुळांच्या जखमा सुकतात. त्यानंतर कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आणखी चार-पाच दिवसांनी. खालचं खोडच मऊ पडलं असेल तर मूळ झाड वाचवण्याचा हट्ट सोडा आणि वरच्या निरोगी फांद्यांचे तुकडे लावून घ्या. ते कसं, पुढे सांगतो.

मिश्रणाबद्दल फार बाऊ करू नये. दोन भाग बागेची साधी माती, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग चांगलं कुजलेलं खत, एवढं पुरतं. वाळू जाडच हवी, गिलाव्याची बारीक वाळू माती आणखी घट्ट करते. परलाइट, म्हणजे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे, मिळत असेल तर उत्तम. नुसतं कोकोपीट मात्र नको. ते पाणी फार धरतं आणि एकदा पूर्ण सुकलं की नीट भिजतही नाही. मिश्रण बरोबर झालं की नाही याची सोपी चाचणी म्हणजे वरून ओतलेलं पाणी काही सेकंदांत खाली उतरायला हवं, वर तळं होऊन राहायला नको. कुंडी मातीची असली तर चुका पोटात घालते, कारण बाजूंनीही सुकते. आणि कुंडी मोठी नको. मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन बोटं रुंद, एवढीच. "मोठ्या कुंडीत झाड मोठं होतं" हे या झाडाला लागू नाही. मुळं पोचत नाहीत ती माती ओलीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलली की पुरे.

ऊन. तासभर ऊन हे जगण्यापुरतं आहे, फुलण्यापुरतं नाही. रोज किमान चार-पाच तास थेट ऊन हवं, सहा-सात तास मिळालं तर फारच छान. ऊन कमी पडलेला शेंडा लगेच ओळखू येतो: बारीक, लांब, दोन पानांतलं अंतर जास्त, पानं मोठी पण पातळ. तुमचं झाड कमरेएवढं होण्यामागे हेही कारण असू शकतं. जागा बदलाल तेव्हा एकदम कडक दुपारच्या उन्हात ठेवू नका, पानं भाजून पांढुरके-तपकिरी डाग पडतात. दर चार दिवसांनी तास-दीड तास वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण उन्हात न्या. तापमान साधारण २० ते ३० अंश असताना वाढ सर्वांत चांगली असते. दहाच्या खाली पारा जाणार असेल तर झाड आत घ्या. थंडीत गळालेल्या पानांची चिंता नको, फक्त तेव्हा पाणी वाढवू नका. अशा वेळी भले-भले घाबरून पाणी घालतात आणि झोपलेलं झाड बुडवतात.

आता छाटणी, म्हणजे तुमच्या उघड्या खोडांवरचा एकमेव उपाय. लोक या झाडाला छाटायला कचरतात आणि मग दहा वर्षांनी चार उघड्या काठ्यांवर चार पानांचे झुपके सांभाळत बसतात. पानं नसलेल्या जुन्या खोडावरही कापलं तरी चालतं. कापाच्या खालचे झोपलेले डोळे जागे होतात आणि सहसा एकाच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. प्रत्येक नव्या फांदीला शेंडा, म्हणजे तेवढे जास्त फुलांचे घोस.

वेळ महत्त्वाची. थंडी सरून ऊब वाढू लागते तेव्हा छाटा, म्हणजे पुढे वाढीचे महिने मिळतात. कडाक्याच्या थंडीत किंवा पावसाची झड लागलेली असताना नाही, जखम सुकत नाही आणि तिथून कूज उतरते. आणि तुमच्या बाबतीत आधी मुळं, मग छाटणी. आजारी मुळांच्या झाडाला एकाच वेळी वरून-खालून कापलं तर ते सावरत नाही. नव्या मिश्रणात लावल्यावर शेंड्याला ताजी पानं दिसू लागली की मुळं कामाला लागली असं समजा आणि मग कात्री हातात घ्या.

एकदम सगळ्या फांद्या एकाच उंचीवर कापू नका, झाड झाडूसारखं दिसेल. आधी वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा. मग उरलेल्यांतल्या एक-तृतीयांश खूप खाली, जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. काही मध्यावर कापा. काहींचे नुसते शेंडे खुडा. पहिल्या तुकडीवर नवी फूट येऊन ती पानांनी भरली की उरलेल्या उंच फांद्यांची पाळी. अशा रीतीने वर्षभरात झाड खालपासून भरतं आणि मधल्या काळात फुलंही पूर्ण बंद होत नाहीत. फुलं कमी होतील, ते धरूनच चाला.

चिकाबद्दल. तुमची भीती अस्थानी नाही. या चिकात डायटर्पीन वर्गातली दाहक रसायनं असतात. कातडीला लागल्यास काहींना काहीच होत नाही, काहींना लाल चट्टे आणि फोड येतात. डोळ्यात गेला तर मात्र हसण्यावारी नेऊ नका: जळजळ तीव्र असते, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा होऊ शकते. म्हणून छाटताना जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि साधा का होईना पण चष्मा. डोक्याच्या वरच्या उंचीवरची फांदी खालून बघत कापायची नाही. घाम आला म्हणून मनगटाने डोळा पुसायचा नाही. अपघात होतात ते बहुतेक असेच. कातडीला लागला तर सुकण्याआधी साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं तरी धुवत राहा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, बरं वाटलं तरी. वाहणारा चीक थांबवायला झाडावरच्या कापावर गार पाण्याचा फवारा मारा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा. चीक वाळला की पातं चिकटतं आणि एका फांदीची कूज दुसरीला जाते.

छाटलेले तुकडे फेकू नका. शेंड्याकडचे आठ-दहा सेंटीमीटरचे निरोगी तुकडे नव्या झाडांसाठी सर्वांत चांगले. खालची पानं काढा, कापलेलं टोक पाण्यात बुडवून चीक थांबेपर्यंत धुवा आणि सावलीत सुकत ठेवा. किती दिवस? कापावर कोरडी, घट्ट खपली धरेपर्यंत, बारीक तुकड्याला तीन-चार दिवस, अंगठ्याएवढ्या जाड तुकड्याला आठवडा. या पायरीवर घाई करणाऱ्यांचे तुकडे कुजतात आणि मग ते मूळ फुटण्याच्या पावडरीला दोष देतात. पावडर लावली तर हरकत नाही, पण तिच्यावाचून अडत नाही. जाड वाळू जास्त असलेल्या, जेमतेम ओलसर मिश्रणात दोन-तीन सेंटीमीटर खोल खोचा, डुलत असेल तर काडीचा आधार द्या. उजेड भरपूर पण थेट कडक ऊन नको. प्लास्टिकची पिशवी वरून घालायची पद्धत गुलाब-जास्वंदीला ठीक आहे, इथे ती कूज बोलावते. मुळं धरायला हवामानाप्रमाणे चार ते आठ आठवडे लागतात. तेवढ्यात असलेली पानं गळाली तरी उपटून बघू नका. शेंड्यात नवं पान हललं की काम झालं.

कूज लागलेल्या झाडावरून तुकडे घेताना काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत वर सरकत जा. एखादाच तपकिरी ठिपका राहिला तरी महिन्याभरात तो तुकडा जातो.

खत तुम्ही बहुधा गरजेपेक्षा जास्त देता आहात. आजारी मुळांना तर आत्ता काहीच देऊ नका. झाड सावरल्यावर वाढीच्या महिन्यांत महिन्या-दीड महिन्यातून मूठभर गांडूळखत, किंवा पाण्यात विरघळणारं संतुलित खत पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या प्रमाणात. थंडीत बंद. नत्र जास्त झालं की पानं गर्द आणि मोठी होतात, शेंडे लुसलुशीत होतात आणि फुलं मागे पडतात.

किडींत पिठ्या ढेकूण मुख्य. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपा. पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची झाली आणि मागे जाळं दिसलं तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारा. एक खबरदारी घ्या, ती फारसं कोणी सांगत नाही. सगळ्या झाडांवर बिनदिक्कत मारलं जाणारं साबणाचं पाणी या झाडाला सोसत नाही, पानांवर डाग पडून ती गळू शकतात. मारायचंच असेल तर आधी एका फांदीवर मारून दोन-तीन दिवस वाट बघा.

फुलांबद्दल थोडं विषयांतर. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या दोन रंगीत पानांसारख्या सहपत्रांची जोडी असते. खरी फुलं मधल्या इवल्याशा पेल्यात दाटीने असतात. सहपत्रं जाड असल्याने घोस आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि म्हणूनच जुने घोस फिकट, हिरवट होऊन तसेच राहिले की झाड फुलत नाहीये असा भास होतो. वाळलेले घोस चिमटीने काढून टाका, नवे नजरेस पडतील. तुमचं झाड थाई संकरित, मोठ्या फुलांचं असेल तर दोन गोष्टी वेगळ्या समजा. या जातींच्या मागे युफोर्बिया लोफोगोना नावाची मादागास्करचीच दुसरी प्रजाती आहे; त्यांचं खोड जाड, पानं मोठी, फांद्या मुळातच कमी. त्यांना ऐन उन्हाळ्यात पाणी किंचित जास्त लागतं, दुपारी थोडी सावली मानवते आणि छाटणीनंतर फूट उशिरा येते. बारीक खोडाच्या जुन्या लाल जातीसारखी भराभर झुडूप होण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका.

राहिला मुलाचा प्रश्न. रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशा जागी हे झाड नकोच. काटे तीन सेंटीमीटरपर्यंत लांब असतात आणि पान तोडून तोंडात घातलं तर तोंड, घसा जळजळतो, उलट्या होतात. कुत्र्या-मांजरांनाही ते बाधतं. कुंडी जमिनीवरून उचलून भिंतीवरच्या मजबूत फळीवर किंवा कठड्याच्या आतल्या बाजूच्या स्टँडवर ठेवा, तुमच्या डोळ्यांच्या रेषेच्या खाली पण मुलाच्या हाताच्या वर. छाटणी मूल घरात झोपलेलं असताना करा, खाली वर्तमानपत्र पसरा, प्रत्येक तुकडा आणि गळालेलं पान त्यातच गुंडाळून बांधून टाका. वाळलेला काटा अनवाणी पायात ओल्याइतकाच खोल जातो. हत्यारं माशांच्या टाकीत किंवा कमळाच्या कुंडीत धुऊ नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मारण्यासाठी ब्राझीलमध्ये या चिकावर संशोधन झालं आहे, तेव्हा पाण्यातल्या जिवांवर त्याचा प्रयोग घरी नको. आणि लावायला सुकत ठेवलेले तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर नको, कपाटाच्या वर ठेवा.